आजचा नातेवाईक

आमच्या संकुलाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'हॉस्पिटल अवघ्या सात मिनिटांवर.' त्यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः मोजलंय, रिक्षाने सात मिनिटंच लागतात. हॉस्पिटलच्या दारापासून डॉक्टरपर्यंत किती वेळ लागतो, तेवढं लिहायचं राहिलं होतं. ते मी आता सांगतो. हॉस्पिटलचं नाव मात्र सांगणार नाही, कारण नाव घेतलं की नोटीस येते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझे तर गुडघेही तेच म्हणतात.

मी कुंडलिक वाघमोडे, वय चौऱ्याहत्तर. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या वेळा लिहिणारा कारकून होतो, एकतीस वर्षं. बायको गेली, मुलगी नाशिकला दिली, आणि मी सोलापूरच्या जुळे सोलापूर या उपनगरातल्या ज्येष्ठांच्या संकुलात येऊन पडलो. इथे आम्ही बेचाळीसजण. मुलं पुण्याला, बंगळूरला, कॅनडाला. प्रत्येकाच्या भिंतीवर मुलांचे फोटो भरपूर, पण मूल कुणाजवळच नाही.

दोन वर्षांपूर्वी निंगप्पा हत्तुरेंच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही चौघे त्यांना घेऊन त्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "नातेवाईक कोण?" आम्ही म्हटलं, शेजारी आहोत. "नातेवाईक आला की फाइल करू," म्हणाला. निंगप्पांचा मुलगा हैदराबादला. तो येईपर्यंत माणसाने छाती धरून बसायचं काय? निंगप्पा वाचले ते त्यांच्या नशिबाने.

मग आमची मीटिंग झाली. दोन वेळा चहा झाला, चार वेळा भांडण झालं, आणि गिरिजाबाईंनी तोडगा काढला. त्या एसटीच्या ऑफिसात होत्या, चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावायच्या. म्हणाल्या, "नातेवाईकच पाहिजे ना त्यांना? मग ड्यूटी लावू." लिफ्टशेजारी तक्ता लागला: 'आजचा नातेवाईक'. रोज एकाचं नाव. त्या दिवशी संकुलात कुणालाही काही झालं की त्याने बरोबर जायचं, नात्याच्या रकान्यात 'भाऊ' किंवा 'बहीण' लिहायचं आणि सही ठोकून मोकळं व्हायचं.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मी एकटा चौघांचा भाऊ झालो: हत्तुरेंचा, एका कुलकर्णींचा, एका गुंडांचा आणि शेखसाहेबांचासुद्धा. वाघमोडे आणि शेख सख्खे भाऊ! खिडकीतल्या माणसाने मान वर करून बघितलंही नाही. आम्हाला आमच्या हुशारीचा कोण अभिमान. कोजागरीला दूध पिताना हे किस्से सांगून आम्ही पोट धरून हसायचो.

त्या मंगळवारी तक्त्यावर माझं नाव होतं. आणि पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. चार दिवसांनी नळ आला होता आणि मी खाली मोटर लावून गच्चीवर टाकी बघायला गेलो होतो. बघता बघता जरा निवांत उभा राहिलो, हेही खरं.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये दाक्षायणी बिराजदार राहतात. अक्कलकोट तालुक्यात कानडी शाळेवर छत्तीस वर्षं शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही. रोज संध्याकाळी पाच वाजता खालच्या हॉलमध्ये बाई पेपर वाचून दाखवतात. ज्यांचे डोळे गेले असे नऊजण, आणि ज्यांचे शाबूत आहेत पण बाईंचं ऐकायला आवडतं असे आम्ही दहा-बारा. बातमी वाचायची, कानडीत एक शिवी हासडायची, मराठीत तिचा अर्थ सौम्य करून सांगायचा, अशी त्यांची पद्धत. आमच्या बेचाळीसजणांत दिवसभर बोलायला माणूस नसलेले तीस तरी असतील. त्यांच्या कानावर दिवसाकाठी जे काही शब्द पडतात ते बाईंचेच. माझ्याही. मी नाकारत नाही.

बाई जिना चढून गच्चीवर आल्या, हातात कळशी. "एन्री वाघमोडे," त्यांनी कानडीतल्या 'काय हो'ने सुरुवात केली, "टाकी वाहून चाललीय की! मोटर बंद करायची का सोलापुरात पूर आणायचाय? तुमचं हे रोजचं… रोजचं हे… टाकी… रोज…"

मला वाटलं रागाने शब्द सुचत नाहीत. पण बाईंना शब्द सुचत नाहीत असं कधी झालंय का? उजव्या हातातली कळशी सुटली आणि खणखणत जिन्यावरून खाली गेली. तोंडाची उजवी बाजू ओघळली. एकतीस वर्षांची सवय, माझं लक्ष आधी वेळेवर गेलं. आठ वाजून वीस मिनिटं.

मागच्या वर्षी ज्येष्ठ नागरिक दिनाला एक डॉक्टर आमच्याकडे भाषण देऊन गेले होते. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर मेंदूतली गुठळी समजा, म्हणाले. साडेचार तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर माणूस पुन्हा बोलेल-चालेल. त्यानंतर ते देता येत नाही. बाकीचं भाषण मी विसरलो, पण आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आठ वीस अधिक साडेचार तास. बारा पन्नास.

खिशातल्या डायरीत मी ते लिहिलं. लिफ्टमध्येच लिहिलं, एका हाताने बाईंना धरून.

सिद्धारामची रिक्षा गेटवरच असते. तो बाईंच्याच बाजूचा, अक्कलकोटकडचा. बाईंना बघून त्याने सिगारेट टाकली आणि एका हिसक्यात त्यांना उचलून आत बसवलं. वाटेत बाई बोलायचा प्रयत्न करत होत्या. मराठी पार विस्कटली होती, पण कानडी बऱ्यापैकी येत होती. "काय म्हणतात रे?" मी विचारलं.

"शाळा सुटली का म्हून इचारत्यात, काका," सिद्धाराम म्हणाला, आणि त्याने रिक्षा आणखी पळवली.

बाईंना गच्चीवरून गेटपर्यंत आणण्यातच वीसेक मिनिटं गेली होती, तरी आठ एकोणपन्नासला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. म्हणजे चार तास एक मिनिट हातात. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. वाटलं, जिंकलो.

वॉचमन म्हणाला, रिक्षा आत नाही. व्हीलचेअर मागितली तर वर गेलीय म्हणाला. सिद्धारामने बाईंना पुन्हा उचललं. 'तातडीची सेवा, २४ तास' अशा लाल पाटीखालून आम्ही आत गेलो. आत तीन खाटा, तिन्ही भरलेल्या. चिंचोळी एमआयडीसीतून दोन कामगार आणले होते, एकाचा पंजा मशीनमध्ये गेलेला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यांना आधी घेतलं याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही.

सिस्टरने बाईंचं बीपी बघितलं. "बसा, डॉक्टर येतायत. पाणी देऊ नका."

"अहो सिस्टर, पॅरालिसिस आहे. आठ वीसला झालाय. साडेचार तासांत इंजेक्शन लागतं."

"आजोबा, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फाइल करून घ्या आधी. फाइलशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत."

बाईंना बाकावर टेकवून, सिद्धारामला शेजारी बसवून मी खिडकीवर गेलो. रांगेत बारावा. रांगेत एका कार्यकर्त्याला पित्त झालं होतं, आणि त्याच्या पित्तासाठी पंधरा माणसं आली होती. त्यांची फाइल खिडकीच्या आतून झाली. आम्ही बाहेरचे. नऊ पस्तीसला माझा नंबर लागला.

खिडकीत आता नवीन माणूस होता, पृथ्वीराज नावाचा, छातीवर पट्टी. चटपटीत. आणि त्याच्यासमोर नवीन कॉम्प्युटर. मी फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता. नात्याच्या रकान्यात सवयीने 'भाऊ' लिहिलं आणि सही केली. त्याने माझा मोबाइल नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजोबा, तुम्ही निंगप्पा हत्तुरेंचे भाऊ ना?"

"व्हय," मी म्हटलं. घाबरलो की माझी गावची बोली बाहेर येते.

"आणि कुलकर्णींचे? गुंडांचे? आणि," त्याने स्क्रीन जवळ ओढली, "इक्बाल शेख यांचे?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमची दोन वर्षांची हुशारी त्या स्क्रीनवर ओळीने उभी होती, आणि ती माझ्याच मोबाइल नंबरला चिकटली होती.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. तक्ता, ड्यूटी, निंगप्पांची छाती. पृथ्वीराज वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजोबा, मागच्या महिन्यात एका पेशंटच्या खऱ्या भावाने येऊन केस केली आमच्यावर. खोट्या नातेवाईकाची सही होती म्हणून. वरून सांगितलंय, रक्ताचा नातेवाईक नसला तर फाइल उघडायची नाही. मुलाला फोन लावा."

मुलगा विरेश कॅनडात. तिकडे मध्यरात्र. मी सहा वेळा फोन लावला. सहाही वेळा फोनमधला रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत निरोप ठेवा म्हणाला. आपला आवाज ऐकायला तिकडे कुणी जागं नाही हे कळूनसुद्धा मी मोठमोठ्याने निरोप ठेवत राहिलो.

"मग मी कोण लिहू?" मी पृथ्वीराजवर ओरडलो. "शेजारी लिहू? वैरी लिहू? त्या बाकावर माणूस बसलंय, त्याचं तोंड वाकडं झालंय, ते दिसतंय ना तुला?"

"माझ्यावर ओरडून काय होणार, आजोबा? मॅनेजरकडे जा."

मॅनेजर राउंडला. मॅनेजर आले. मॅनेजरांनी ऐकून घेतलं, फार सभ्यपणे. म्हणाले, 'रक्ताचा नातेवाईक उपलब्ध नाही' असा अर्ज द्या, रुग्णाचं आधार आणि तुमचं आधार, दोन-दोन झेरॉक्स. माझं आधार खिशात होतं. बाईंचं त्यांच्या कपाटात. गिरिजाबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या संधिवाताच्या पायांनी दुसरी रिक्षा करून आधार घेऊन आल्या. झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे. अर्ज मी उभ्या उभ्या लिहिला, माझं अक्षर कधी नव्हे ते वेडंवाकडं आलं.

दहा पंचवीसला फाइल झाली. पन्नास मिनिटं. मी डायरीत लिहिलं.

परत आलो तर बाई सिद्धारामच्या खांद्यावर कलल्या होत्या. "मगाशी धाबारा शब्द येत हुते," तो म्हणाला. "आता दोन-तीनच ऱ्हायलेत. नीरू, मनी. पानी मागत्यात, घरला न्या म्हनत्यात. लई येळ झाला की ओ काका. मानूस वाळाय लागलं बसून बसून."

वाळायला लागलं. हा शब्द त्याने सहज वापरला, पण मी तिथल्या तिथे खाली बसलो. आमच्या कारखान्यात उसाच्या गाड्या गेटवर यायच्या आणि मग आवारात नंबराने उभ्या राहायच्या. सोळा तास, कधी दीड दिवस. उन्हात ऊस वाळायचा, वजन घटायचं. गाडीवान माझ्या खिडकीशी यायचा, "सायेब, काल सांजच्याला आलोय. गेटावरची येळ लिवा की." मी मान वर न करता सांगायचो, "वजनकाट्यावर येशील तीच वेळ." नियमच तसा होता. वरून सांगितलेलं होतं. एकतीस वर्षं मी काट्यावरची वेळ लिहिली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. पृथ्वीराजचा मला राग येत होता आणि त्याच्यात मला मीच दिसत होतो, आणि यातलं कशाचंच काही करता येत नव्हतं.

पावणेअकराला डॉक्टर आले. सोमेश त्यांचं नाव, पोरगेलासा मुलगा, डोळ्यांखाली काळं. छत्तीस तासांची ड्यूटी चाललीय म्हणाले. त्यांनी बाईंचा हात उचलला, सोडला, तो पडला. त्यांचा चेहरा बदलला. "कधीपासून?"

"आठ वीस."

"नक्की?"

"डॉक्टर, वेळेच्या बाबतीत मला 'नक्की का' विचारू नका."

"मग आहे वेळ अजून. आधी स्कॅन. रक्तस्राव नाही बघून मोठे डॉक्टर इंजेक्शनचं ठरवतील." तो मुलगा खरंच धावला. मी कृतघ्न नाही, त्या दिवशी त्या इमारतीत धावलेला तो एकच माणूस.

पण एकटा धावून काय होणार? स्कॅनचा टेक्निशियन नाश्त्याला गेला होता. तो आला तर लिफ्टमध्ये सामान भरलं होतं. स्ट्रेचर मिळालं तर ढकलणारा नव्हता, सिद्धारामने ढकललं. स्कॅनच्या दाराशी आमच्याआधी पित्तवाला कार्यकर्ता होता. त्याच्या पोटाचा स्कॅन, खबरदारी म्हणून. पंधराजण दारात मोबाइल बघत उभे. मी त्यांना हात जोडले. हो, जोडले. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, नंबरानं की." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे कुत्रंसुद्धा नंबर लावून आत शिरलं होतं.

अकरा पन्नासला बाईंचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. डॉक्टर सोमेश म्हणाले, "छान. इंजेक्शन देता येईल. मोठे डॉक्टर निघालेत."

"कुठून निघालेत?"

"दुसऱ्या हॉस्पिटलमधून. वीस मिनिटं."

बारा दहाला विचारलं, निघालेत. बारा तीसला विचारलं, निघालेत. 'निघालेत' हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला नव्हता. सोमेशना म्हटलं, तुम्ही द्या. त्यांनी मान खाली घातली. "मला परवानगी नाही, काका. त्यांनी बघितल्याशिवाय देता येत नाही. काही झालं तर माझी डिग्री जाईल." ते पुन्हा फोन लावायला गेले.

बाई खाटेवर पडून माझ्याकडे बघत होत्या. सगळं कळत होतं त्यांना, डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, "बाई, येतायत. निघालेत." आता त्यांच्या तोंडून कानडीही येत नव्हती. नुसता श्वास आणि मध्येच घोगरा 'आ'. मी त्यांच्याशी बोलत राहिलो. मोटर बंद केलीय म्हटलं. काय वाटेल ते बोललो. मला त्या दिवशी फार भीती वाटली, बायकोच्या वेळी वाटली नव्हती एवढी.

बारा पन्नास झाले. तसं काही वाजलं-बिजलं नाही. सिस्टर सलाईन बदलत होती.

एक वाजून पाच मिनिटांनी मोठे डॉक्टर आले. वरातीमागून घोडं. त्यांनी तपासलं, स्कॅन बघितला, फाइल बघितली.

"सुरुवात आठ वीस," ते म्हणाले. "आता एक पाच. वेळ गेली. आता इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावाचा धोका. मी देणार नाही. फार उशिरा आणलंत तुम्ही."

"आठ एकोणपन्नासला आणलंय."

त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "इथे दहा पंचवीस आहे."

"ती फाइलची वेळ आहे! दाराची नाही!" मी डायरी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, खालपर्यंत वाचली. मला वाटतं त्यांना ते पटलं. कारण शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग डायरी मिटून त्यांनी परत दिली. "आजोबा, कॉम्प्युटरची वेळ मला बदलता येत नाही. आता आयसीयूत घेऊ. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

आयसीयूच्या आधी एक कागद आला. त्यावर छापल्यासारखं लिहिलं होतं: 'लक्षणे सुरू झाल्यानंतर रुग्णास उशिरा आणले. त्यामुळे औषध देता आले नाही. नातेवाईकास पूर्ण कल्पना दिली आहे.' खाली सहीची जागा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा छापील असतात, हे मला माहीत नव्हतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"सही झाल्याशिवाय बेड देता येत नाही," पृथ्वीराज म्हणाला. तोच आला होता कागद घेऊन. "एकच बेड आहे, काका. खाली अजून एक पेशंट थांबलाय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "करा की. नात्यात काय… भाऊ लिहा. चालतंय आता."

सकाळी जे पन्नास मिनिटं चाललं नव्हतं ते आता चालत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. बाईंना खाटेवरून स्ट्रेचरवर घेत होते, त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता आणि कुणी तो उचलून वर ठेवत नव्हतं. मी तो उचलून ठेवला. मग कागदावर भाऊ लिहिलं आणि सही केली.

दोनच्या सुमाराला विरेशचा फोन आला. पाणी प्यायला उठला होता, माझे निरोप ऐकले होते. हॉस्पिटलशी आधीच बोलला होता.

"काका, ते म्हणतायत उशिरा आणलं." तो म्हणाला. "मी तुम्हाला दोष देत नाही, काका. तुम्ही होतात म्हणून तरी…"

मी तुम्हाला दोष देत नाही! या वाक्याने माझा तोल गेला. आयसीयूच्या बाहेरच्या त्या गुळगुळीत पॅसेजमध्ये मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बोंबलत सुटलो. आठ वीस, आठ एकोणपन्नास, व्हीलचेअर, रांग, कार्यकर्त्याचं पित्त, नाश्ता, लिफ्ट, निघालेत, निघालेत, निघालेत. एकेक मिनिट त्याच्या कानात ओतलं. मॅनेजर बाहेर आले, बघून आत गेले. सिद्धाराम माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"मग तुम्ही सही का केलीत, काका?"

"तुझ्या आईला बेड मिळत नव्हता रे."

तिकडे तो रडत होता. मी ऐकत राहिलो. मग त्याने नाक ओढलं, आणि त्याचा आवाज एकदम कडक झाला. "मी यांना सोडणार नाही. माझा मित्र वकील आहे पुण्यात. तुमच्याकडे सगळ्या वेळा आहेत ना? मला एका कागदावर सगळं लिहून द्या. दारापासून शेवटपर्यंत, मिनिटामिनिटाचं. काही सोडू नका."

"देतो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एवढा बोंबललो, पण मी खोटं 'भाऊ' लिहिल्याचं त्याला सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, पण सांगितलं नव्हतं, हे खरं. मोठे डॉक्टर पंधरा मिनिटं उशिरा आले. आमच्या हुशारीने पन्नास मिनिटं खाल्ली होती. ती पन्नास मिनिटं नसती तर स्कॅनला पित्तवाल्याच्या आधी नंबर लागला असता का? मोठ्या डॉक्टरांना फोन लवकर गेला असता का? कोण सांगणार. असताही, नसताही.

गिरिजाबाई पलीकडच्या बाकावर पाय चोळत बसल्या होत्या. हे लिहायचं का, म्हणून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाघमोडे, ते लिहू नका. ते लिहिलंत की वकील-बिकील सगळं संपलं. ते बोट दाखवतील, बघा, यांनीच खोटं नातं लिहिलं. बाकीचे तीन तास कुणी वाचणार नाही." त्या बरोबर बोलत होत्या. चाळीस वर्षं एसटीत घालवलेल्या बाईला कागद कसे वाचले जातात ते माझ्याहून चांगलं कळतं.

सिद्धारामने खालून दोन कोरे कागद आणले. मी मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहायला बसलो. आठ वीस, गच्चीवर त्रास सुरू. आठ एकोणपन्नास, हॉस्पिटलचं दार. नऊ दहा, सिस्टरने बीपी घेतलं. नऊ पस्तीस, फाइलची खिडकी. तिथे पेन थांबलं.

थेट दहा पंचवीस लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. दोन वेळांमध्ये मोकळी जागा सोडायची, एवढंच.

मी लिहिलं: 'नऊ पस्तीस ते दहा पंचवीस, मी नातं खोटं लिहिल्यामुळे फाइल अडली.' खाली रेघ मारून पुढचं लिहिलं, दहा पंचेचाळीस, अकरा पन्नास, बारा पन्नास, एक पाच, सगळं. कागदाचा फोटो काढून विरेशला पाठवला.

अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला. त्याने फोटोतून नऊ पस्तीसची ती एकच ओळ कापून मला परत पाठवली होती, खाली प्रश्नचिन्ह.